आटा चुकला, तर…

घरात कोणाचा पाय किंवा मनगट मोडले असेल, तर हा प्रसंग ओळखीचा वाटेल. ऑपरेशन पार पडलेले असते. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतात आणि पेनाच्या टोकाने दाखवतात, ‘ही प्लेट, आणि हे सहा स्क्रू.’ हाडाच्या करड्या सावलीत ते स्क्रू पांढरेशुभ्र दिसतात. नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात : चालता कधी येईल, प्लेट पुन्हा काढावी लागेल का, खर्च किती येईल. स्क्रूच्या अंगावर गोल गोल चढत गेलेल्या बारीक रेघांविषयी मात्र कोणी विचारत नाही.

त्या रेघा म्हणजे आटे. हाड जुळून येईपर्यंत मोडलेले दोन तुकडे एकमेकांना धरून ठेवण्याचे काम प्लेट करते आणि प्लेटला हाडाशी धरून ठेवण्याचे काम हे आटे करतात. पंख्याचा हुक, गॅसचा रेग्युलेटर, स्कूटरचे चाक, विमानाची काच, दाताचे इम्प्लांट या सगळ्यांचा भार शेवटी आट्यांवरच येतो. आटे पाडणे हे वर्कशॉपमधले अगदी प्राथमिक काम समजले जाते. आयटीआयच्या पहिल्या वर्षातली मुलेही ते शिकतात. पण अचूक आटे पाडणे आणि तेही वेगवेगळ्या धातूंत, हा निराळाच विषय आहे. नकाशावर मापे तीच असतात, पण धातू बदलला की हत्यार बदलते, तेल बदलते, वेग बदलतो, कधी कधी भोकाचे मापही बदलते. आणि चूक झाली तर ती वरून दिसत नाही.

गुंडाळलेला घाट

घाटात रस्ता सरळ डोंगरमाथ्याकडे जात नाही, वळणे घेत जातो. अंतर वाढते, पण चढ सोपा होतो. आटा म्हणजे असाच एक घाटरस्ता, दांड्याभोवती गुंडाळलेला. नट एक पूर्ण फेरा फिरला की तो एका आट्याइतका पुढे सरकतो. या अंतराला पिच म्हणतात.

नेहमीच्या वापरातला एम-१० बोल्ट घेऊ. त्याचा बाहेरचा व्यास १० मिलिमीटर आणि पिच दीड मिलिमीटर. १५० मिलिमीटर लांबीच्या पान्याने तो आवळताना एका फेऱ्यात आपला हात सुमारे ९४० मिलिमीटर फिरतो, बोल्ट मात्र दीडच मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे कागदावर हाताचा जोर सहाशे पटींहून अधिक वाढतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा हिस्सा घर्षणात जातो आणि ते बरेच आहे, कारण त्या घर्षणामुळेच नट आपोआप उलटा फिरत नाही.

आटा अचूक असणे म्हणजे फक्त बाहेरचा व्यास बरोबर असणे नव्हे. पिच बरोबर हवी, आट्याच्या दोन बाजूंमधला कोन बरोबर हवा (मेट्रिक आट्यांत तो ६० अंश असतो), आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पिच व्यास बरोबर हवा. आट्याची जाडी आणि शेजारच्या खाचेची रुंदी ज्या उंचीवर सारखी भरते, तिथे मोजलेला हा व्यास. नट आणि बोल्ट खरोखर एकमेकांना टेकतात ते आट्यांच्या उतारांवर. म्हणून पकड सैल की घट्ट, हे या मापावर ठरते. सर्वसाधारण दर्जाच्या एम-१० बोल्टचा पिच व्यास ८.८६२ ते ८.९९४ मिलिमीटर या हद्दीत असावा लागतो. म्हणजे सगळी मुभा ०.१३२ मिलिमीटरची, साधारण दोन केसांच्या जाडीएवढी. आणि हा बाजारात किलोवर मिळणारा साधा बोल्ट.

पिचच्या अचूकतेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि नट किंचित दाबला जातो. त्यामुळे भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. नटाच्या बसण्याच्या बाजूचा पहिला आटाच एकूण भाराचा जवळपास तिसरा हिस्सा उचलतो, आणि पुढच्यांच्या वाट्याला उतरत्या क्रमाने कमी येतो. पिच चुकलेली असेल तर पहिल्या आट्यावरचा हा बोजा आणखी वाढतो. तो तुटला की दुसऱ्याची पाळी येते.

०.६६ मिलिमीटरची गोष्ट

१० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे ५३९० हे विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाकडे निघाले. विमानात एकूण ८७ माणसे होती. सुमारे १७,३०० फूट उंचीवर कॅप्टनच्या समोरची डावी काच एकाएकी निखळून बाहेर उडाली. आतली हवा जोराने बाहेर धावली आणि तिने कॅप्टन टिम लँकेस्टर यांना आसनातून उचलून कंबरेपर्यंत विमानाबाहेर फेकले. केबिन कर्मचारी नायजेल ऑग्डेन यांनी धावत येऊन त्यांचे पाय धरले. ते थकले तेव्हा सहकाऱ्यांनी धरले. अशा स्थितीत सहवैमानिक अलिस्टर ॲचिसन यांनी विमान साउदॅम्प्टनला उतरवले. सगळे वाचले. ज्यांच्या जिवंत असण्याची आशा सहकाऱ्यांनी सोडली होती, ते कॅप्टनही वाचले आणि पुढे पुन्हा विमान चालवू लागले.

ही काच उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधीच बदलली होती. ती बाहेरच्या बाजूने ९० बोल्टांनी बसवलेली असे. चौकशीत आढळले, की त्यांपैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे होते. उरलेले सहा व्यासाने बरोबर, पण लांबीने कमी होते. व्यासातला फरक होता ०.०२६ इंच, म्हणजे ०.६६ मिलिमीटर.

एवढा फरक असूनही बोल्ट बसले कसे? कारण दोन्ही बोल्टांची पिच एकच होती : इंचाला ३२ आटे. बारीक बोल्ट जाड बोल्टच्या नटात विनातक्रार फिरत गेला. साधे गणित केले, तर या आकाराच्या आट्यांत प्रत्येक बाजूला सुमारे ०.४३ मिलिमीटर उंचीची पकड असायला हवी. व्यास ०.६६ ने कमी झाला, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.३३ ने. उरली ती जेमतेम ०.१ मिलिमीटर, हव्या त्या पकडीच्या पाव भागाएवढी. ठरावीक जोर लागल्यावर ‘टिक’ करून सुटणारा पेचकस वापरला होता. पण ती टिक आणि आटे निसटताना बसणारा हिसका यांतला फरक रात्रपाळीतल्या माणसाच्या हाताला कळला नाही. नवा बोल्ट त्याने जुन्याशेजारी धरून नजरेने जुळवून घेतला होता.

आट्यांचे हेच वैशिष्ट्य आहे. चुकीचा आटासुद्धा बसल्यासारखा वाटतो आणि भार येईपर्यंत चूक लपून राहते.

लेबल लावलेले नट

सव्वादोनशे वर्षांपूर्वी ही अडचण वेगळ्या रूपात होती. तेव्हा कारागीर आटे बहुतेक हातानेच पाडत. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसेलच असे नसे. यंत्र उघडले, की कोणता नट कोणत्या बोल्टचा याची खूण करून ठेवावी लागे. खूण पुसली गेली, की पुढचे काम कानशीने.

इंग्लंडमधल्या हेन्री मॉडस्ले यांनी १८००च्या सुमारास जो लेथ उभा केला, त्याने हे चित्र बदलले. त्यात कापणारे टूल माणसाच्या हातात नव्हते. ते एका घोड्यावर घट्ट बसवलेले होते आणि तो घोडा एका लांब, अचूक स्क्रूच्या आधाराने सरकत होता. या मुख्य स्क्रूला आणि फिरणाऱ्या दांड्याला दातेरी चाके जोडलेली होती. चाके बदलली की हवी ती पिच मिळे. आजही कोणत्याही वर्कशॉपमधला लेथ याच तत्त्वावर आटे पाडतो. मात्र यात एक मेख आहे. मुख्य स्क्रूच्या पिचमध्ये चूक असेल, तर ती त्या लेथवरच्या प्रत्येक आट्यात उतरते. म्हणून मॉडस्ले यांनी आयुष्याचा मोठा काळ आधीच्यापेक्षा अचूक स्क्रू बनवण्यात घालवला.

त्यांच्याच कारखान्यात काम केलेले जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये साऱ्या देशासाठी एकच आटा सुचवला. त्याचा कोन होता ५५ अंश. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचा आटा मांडला. दोन मित्रदेश, दोन आटे. दुसऱ्या महायुद्धात एकाचे सुटे भाग दुसऱ्याच्या यंत्राला बसेनात, तेव्हा या पाच अंशांची किंमत कळली. अखेर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा सामाईक आटा मान्य केला. आज आपण वापरतो तो मेट्रिक ‘एम’ आटाही ६० अंशांचाच. एका शहरात बनलेला नट हजारो किलोमीटरवर बनलेल्या, कधीही न पाहिलेल्या बोल्टवर हाताने फिरतो, यामागे हा सगळा खटाटोप आहे.

धातू तितक्या प्रकृती

आता खरी परीक्षा. सहा मिलिमीटरच्या आट्यांसाठी, म्हणजे एम-६ साठी, पाच मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि त्यात टॅप फिरवायचा, हे कोणीही सांगेल. व्यासातून पिच वजा केली की भोकाचे माप मिळते. अशा भोकात आटे पूर्ण खोलीचे पडत नाहीत, साधारण पाऊण भागच भरतात. ते मुद्दामच. पूर्ण खोलीचे आटे पाडले तर ताकद थोडीशीच वाढते, पण टॅपवरचा ताण कितीतरी वाढतो आणि टॅप भोकातच तुटतो. तुटलेला टॅप काढणे ही फिटरची सर्वांत नावडती कामगिरी.

साधे पोलाद त्यातल्या त्यात समजूतदार. तेल घालायचे, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून मोकळा होतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, त्याहून वेगळे. त्याचा कीस पुडीसारखा भुरभुरीत पडतो आणि त्यातले ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचे काम करते. म्हणून बिडावर आटे बहुधा कोरडेच पाडतात. तेल घातले तर त्या पुडीचा चिखल होऊन बसतो.

पितळही सोपे वाटते, पण तिथे टूलची धार वेगळी लागते. पोलादासाठी टूलच्या वरच्या अंगाला उतार देतात. तसेच टूल पितळेवर लावले, तर धातू त्याला आत ओढून घेतो आणि टूल ठरल्यापेक्षा खोल घुसते. त्यामुळे पितळेसाठी तो भाग जवळपास सपाट ठेवतात.

ॲल्युमिनियम मऊ, म्हणजे सोपे, असा समज आहे. प्रत्यक्षात ते चिकट असते. कापलेला धातू टूलच्या धारेवर चिकटत जातो, मग धार नव्हे तर तो चिकटलेला गोळाच कापू लागतो आणि आट्यांचा पृष्ठभाग खरबरीत होतो. म्हणून छोट्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमवर रॉकेलची धार धरण्याची पद्धत आहे. शिवाय ॲल्युमिनियमचे आटे पोलादापेक्षा कमकुवत. पोलादात बोल्टच्या व्यासाएवढी लांबी आट्यांत गुंतली तरी बहुधा भागते, ॲल्युमिनियममध्ये ती दीडपट ते दुप्पट ठेवावी लागते. स्कूटरच्या इंजिनातला ऑइलचा बोल्ट जरा जास्त आवळला की ‘आटे गेले’ म्हणून मेकॅनिक मान हलवतो, त्याचे कारण हेच. बोल्ट पोलादी असतो, भोक ॲल्युमिनियमचे.

मऊ धातूंसाठी आणखी एक पद्धत आहे : कापायचेच नाही, दाबायचे. पोळी लाटताना पीठ कमी होत नाही, नुसते सरकते, तसा टॅप धातूला दाबून आट्यांच्या आकारात सरकवतो. कीस अजिबात निघत नाही. पण धातू वर चढायला जागा हवी, म्हणून भोक मोठे घ्यावे लागते. एम-६ साठी पाचऐवजी साधारण साडेपाच मिलिमीटर. बाजारात मिळणारे बहुसंख्य बोल्टही असेच लाटलेले असतात. एम-१० बोल्टसाठी सुमारे नऊ मिलिमीटरचा दांडा दोन कठीण साच्यांमध्ये लाटतात, धातू खाचांतून वर चढतो आणि व्यास दहा होतो. लाकडाचे तंतू न तोडता वाकवले तर ते अधिक टिकते, तसेच इथे होते. लाटलेले आटे वारंवार येणारे हिसके कापलेल्या आट्यांपेक्षा जास्त सहन करतात. बिडाला मात्र ही पद्धत चालत नाही, ते सरकण्याऐवजी तुटते.

स्टेनलेस स्टीलची प्रकृती सर्वांत हट्टी. तार एकाच जागी वाकवत राहिले की ती तिथे कडक होते. स्टेनलेस स्टीलचा पृष्ठभागही दाब आणि घर्षणाने असाच कडक होतो. बोथट टूल न कापता नुसते घासत राहिले, तर पुढच्या फेरीत त्याला आधीपेक्षा कडक धातू भेटतो. म्हणून नियम असा : वेग कमी, धार तीक्ष्ण, तेल भरपूर आणि काप घ्यायचा तर ठाम घ्यायचा, चाचरायचे नाही. दुसरा त्रास नंतरचा. या धातूवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्यामुळेच तो गंजत नाही. नट जोराने आवळताना तो थर खरवडला जातो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि दोन्ही चक्क जोडले जातात. आच नाही, ठिणगी नाही, तरी वेल्डिंग. मग नट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

आणि टायटॅनियम? पोलादाच्या जवळपास निम्म्या वजनात पोलादाच्या तोडीची ताकद देणारा हा धातू आटे पाडणाऱ्याची मात्र पाठ सोडत नाही. वैद्यकीय वापरातल्या टायटॅनियम मिश्रधातूतून उष्णता साध्या पोलादाच्या साधारण सातव्या हिश्श्यानेच वाहते. कापताना तयार झालेली उष्णता धातूत पसरत नाही, सगळी टूलच्या टोकावर साचते आणि धार जळते. शिवाय त्याचा ताठपणा पोलादाच्या जवळपास निम्मा. टूलच्या दाबाखाली तो किंचित मागे सरतो आणि टूल पुढे गेले की परत येतो. भोकात टॅप फिरवताना हा परत येणारा धातू टॅपलाच आवळून धरतो. आणि स्टेनलेस स्टीलसारखीच चिकटून बसण्याची खोड त्यालाही आहे.

मोजणारा हात

आटे पडले, पण बरोबर पडले हे कळणार कसे? सर्वांत साधी कसोटी दोन गेजांची. ‘गो’ गेज हाताने सहज शेवटपर्यंत फिरला पाहिजे, ‘नो-गो’ गेज सुरुवातीलाच अडला पाहिजे. एक सांगतो की आटे फार घट्ट नाहीत, दुसरा सांगतो की फार सैल नाहीत. त्या विमानाच्या नटांपुढे असा ‘अडणारा’ कोणी नव्हता. अधिक नेमके माप हवे असेल, तर ठरावीक जाडीच्या तीन बारीक तारा आट्यांच्या खाचांत बसवतात आणि त्यांच्यावरून मायक्रोमीटरने माप घेतात. त्यातून पिच व्यास काढता येतो.

मोजतानाही धातूची प्रकृती आड येते. जगभर लांबीची मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरून दिली जातात. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या वर्कशॉपमध्ये ४० अंश असतील, तर १०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग सुमारे ०.०४६ मिलिमीटरने वाढलेला असतो, पोलादाचा त्याच्या निम्म्याने. म्हणून नाजूक कामाच्या कारखान्यात मोजणीची खोली वातानुकूलित असते आणि लेथवरून उतरवलेला गरम भाग लगेच मोजत नाहीत.

हाडातले आटे

आता पुन्हा त्या एक्स-रेकडे येऊ. हाडाचे स्क्रू मुख्यतः दोन धातूंचे असतात : ३१६-एल जातीचे स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियमचा मिश्रधातू. म्हणजे आटे पाडायला सर्वांत कटकटीचे दोन धातू नेमके शरीराला मानवणारे निघाले. दोघांनाही गंजापासून वाचवतो तो पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर, आणि आट्यांना त्रास होतो तोही तो थर खरवडला गेल्यावरच.

या स्क्रूंचे आटे नेहमीच्या बोल्टसारखे नसतात. हाडाच्या कठीण बाहेरच्या भागासाठी आटे जवळजवळ असतात. उदाहरणार्थ, साडेचार मिलिमीटरच्या स्क्रूची पिच १.७५ मिलिमीटर. सांध्याजवळच्या सच्छिद्र, भुसभुशीत हाडासाठी आटे खोल आणि लांब लांब असतात : साडेसहा मिलिमीटरचा स्क्रू, पिच २.७५. भुसभुशीत मातीत खुंटी रुंद ठोकावी, तसे हे. आट्यांच्या दोन्ही बाजूही सारख्या नसतात. ज्या बाजूने स्क्रू उपटला जाण्याची भीती, ती बाजू जवळपास उभी ठेवतात.

बारीक, लांब टायटॅनियमच्या दांड्यावर इतके खोल आटे साध्या लेथवर अनेक फेऱ्यांत पाडायचे, तर दांडा वाकतो. म्हणून त्यासाठी स्विस घड्याळ उद्योगात जन्मलेल्या जातीचा लेथ वापरतात. त्यात दांडा कापण्याच्या जागेलगतच आधारात धरलेला असतो. कापायला एक टूल नसते, आतल्या बाजूला टूलांचे दात असलेले एक कडे दांड्याभोवती वेगाने गरगरते आणि एकाच फेरीत पूर्ण खोलीचा आटा कोरत जाते. प्रत्येक दात क्षणभरच धातूला लागतो, त्यामुळे उष्णता साचत नाही.

ऑपरेशन टेबलावर सर्जन जे करतो, तेही फिटरच्याच कामाचे भावंड. साडेचारच्या स्क्रूसाठी तो हाडात ३.२ मिलिमीटरचे भोक पाडतो आणि टॅपने आटे पाडतो, किंवा स्वतःच आटे पाडत जाणारा स्क्रू वापरतो. भोक पाडताना ड्रिलवर सतत सलाइन सोडले जाते. लेथवरच्या तेलासारखेच ते थंडाव्यासाठी असते, फक्त इथे धोका हत्याराला नसून हाडाला असतो. हाडाचे तापमान मिनिटभर ४७ अंशांवर राहिले, तरी तिथल्या पेशींना इजा होऊ शकते. मेलेल्या हाडात आटे कितीही अचूक असले तरी धरून राहत नाहीत.

अलीकडच्या ‘लॉकिंग’ प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत घट्ट बसतात. वयोमानाने हाडे ठिसूळ झालेल्यांना याचा मोठा फायदा होतो, कारण सगळा भार हाडातल्या आट्यांच्या पकडीवर राहत नाही. पण हे डोके नेमक्या कोनातच बसावे लागते. जरा तिरके गेले की आटे एकमेकांवर चढतात. गरजेपेक्षा जास्त आवळले तर टायटॅनियम टायटॅनियमला चिकटून बसते. म्हणून सर्जन आधी प्लेटवर मार्गदर्शक नळी फिरवून बसवतात आणि शेवटचा जोर ठरावीक ताणावर सुटणाऱ्या पेचकसाने देतात.

टायटॅनियमची एक खोड मात्र वरदान ठरली. स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५०च्या दशकात सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी उपकरणे प्रयोगानंतर निघेनात. हाड त्या धातूशी एकजीव झाले होते. हाच धागा पकडून त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभारले. आजच्या डेंटल इम्प्लांटची सुरुवात ती. इम्प्लांटला बाहेर हाडासाठी आटे असतात आणि आत वरचा दात धरणाऱ्या चिमुकल्या स्क्रूसाठी आणखी बारीक आटे. रोज शेकडो वेळा चावताना बसणारे हिसके हे आतले आटे सोसतात.

जपून ठेवायचा कागद

हाड टायटॅनियमला धरते, हे दातासाठी चांगले, पण कधी प्लेट काढायची वेळ आली तर तेच अवघड होते. त्यात स्क्रूचे डोके प्लेटला चिकटलेले असेल आणि पेचकसाची खाच घासली गेली, तर वीस मिनिटांचे काम तासांवर जाते. कधी डोके ड्रिलने कापून काढावे लागते. स्क्रूच्या डोक्यातली खाच कधी षटकोनी असते, कधी ताऱ्यासारखी, आणि तिची मापेही वेगवेगळी. मापाचा पेचकस हाताशी नसेल, तर अनुभवी सर्जनचाही नाइलाज होतो.

म्हणून घरातल्या कोणाला प्लेट किंवा स्क्रू बसवला असेल, तर एक काम आजच करा. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनच्या नोंदी फाइलमधून शोधून काढा. इम्प्लांटच्या पाकिटावर बनवणारी कंपनी, धातू, माप आणि बॅच क्रमांक लिहिलेले स्टिकर असते. ते कागदपत्रांत नसेल, तर रुग्णालयाकडून त्याची नोंद मागून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. प्लेट काढायची की नाही, हे डॉक्टर हाड पाहून ठरवतील. बऱ्याचदा ती काढावीही लागत नाही. पण काढायची ठरली, किंवा दहा वर्षांनी वेगळ्याच गावात वेगळ्याच डॉक्टरांपुढे जावे लागले, तर योग्य पेचकस आधीच मागवता यावा, यासाठी तो फोटो उपयोगी पडतो.

घरातही थोडे पाळण्यासारखे आहे. कोणताही स्क्रू किंवा झाकण लावताना आधी ते हलकेच उलटे फिरवा. ‘टक’ असा बारीक आवाज होऊन ते किंचित खाली बसले, की आटे समोरासमोर आले असे समजा आणि मग सरळ फिरवा. पहिले दोन-तीन फेरे बोटांनीच द्या, पाना नंतर. स्टेनलेस स्टीलच्या नट-बोल्टला ग्रीसचे बोट लावा आणि सावकाश आवळा. आणि एखादा बोल्ट ‘बसतोय की’ म्हणून वापरण्याआधी त्याचे माप बघा. बसणे आणि धरणे यांत फरक असतो, हे त्या ८७ जणांनी १७ हजार फुटांवर अनुभवले आहे.